हेलिकॉप्टर पायलटांचे फोटो बघताना: त्या क्षणी हात कुठे होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे हेलिकॉप्टर शिकताहेत, नुकतेच एकट्याने उडवायला लागलेत. कामावरचे पायलट एकमेकांना दाखवतात ते फोटो त्यांनी पाहिलेत: डोंगराच्या धारेवर टेकवलेली स्किड (चाकांच्या जागी असलेली लांब नळी), मशीनच्या पोटाखालच्या हुकाला लोंबणारा टॉवरचा तुकडा, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर संध्याकाळच्या उजेडात उतरणारं मशीन. त्यांना विचारायचंय की काम खरंच असं असतं का, आणि आपण उडवताना फोटो-व्हिडिओ काढायचे तर कसे. जाता जाता हेही विचारलंय की मोबाइलवर काढलेल्या फोटोत रोटरची पाती वाकडी का दिसतात.

पात्यांचं शेवटी सांगते. पहिल्या दोन प्रश्नांच्या मागे मला एकच प्रश्न दिसतो. फोटो बघून तुम्ही कामाचा अंदाज बांधताय, आणि तोच अंदाज डोक्यात घेऊन उद्या कामाला लागणार आहात. फोटो खोटे नसतात. पण ते कुठल्या क्षणी निघतात याला एक कारण असतं, आणि ते एकदा कळलं की तेच फोटो वेगळे दिसायला लागतात. मी कुठलाही फोटो बघताना आधी हेच बघते की तो निघाला तेव्हा उडवणाऱ्याचे हात कुठे होते.

उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे मशीन हव्या त्या दिशेला झुकवणारा दांडा, डाव्या हातात वर-खाली नेणारा कलेक्टिव्ह, दोन्ही पाय नाक वळवणाऱ्या पेडलवर, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑटोपायलट नसलेल्या छोट्या मशीनमध्ये उजवा हात मोकळा होतच नाही. साधं विमान नीट ट्रिम केलं, म्हणजे त्याचा तोल जुळवून ठेवला, तर बराच वेळ आपलं आपण सरळ जातं. रॉबिन्सन आर22 मध्ये सायक्लिकवरचा हात सुटला तर मशीन फार वेळ सरळ राहत नाही. डावा हात मोकळा होतो, पण तो क्रूझमध्ये, म्हणजे सरळ, एकसारखं उडताना, कलेक्टिव्ह जागेवर धरून ठेवणारं फ्रिक्शन लावल्यावर, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलण्यापुरता. हॉवरमध्ये (हवेत एका जागी थांबलेलं असताना), उतरताना, हुकाला वजन असताना दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात.

त्यामुळे पायलटने स्वतःच्या हाताने काढलेला फोटो हा बहुतेक वेळा त्या दिवसातल्या सगळ्यात निवांत मिनिटाचा असतो. क्रूझ चाललीय, हवा शांत आहे, किंवा मशीन जमिनीवर बंद उभं आहे. अवघड कामाचे फोटो काढतात ते दुसरेच: खाली लोड बांधणारा माणूस, मागच्या सीटवरचा तंत्रज्ञ, दोन पायलटांच्या मशीनमधला त्या वेळी न उडवणारा पायलट, नाहीतर आधीच बसवून ठेवलेला कॅमेरा. अवघड क्षणाचा फोटो आणि तो उडवणाऱ्याने स्वतः, हातात मोबाइल धरून काढलेला, असं कुठे दिसलं तर त्या पायलटचं कौतुक करू नका.

अर्थात हे मशीनवर आणि कामावर अवलंबून आहे. समुद्रातल्या कामाला जाणाऱ्या एडब्ल्यू139 सारख्या मोठ्या मशीनमध्ये दोन पायलट असतात आणि सगळे कंट्रोल सांभाळणारा, चार अक्षांचा ऑटोपायलट असतो. तिथे क्रूझमध्ये फोटो काढणं आणि छोट्या आर44 मध्ये एकट्याने काढणं यांची तुलनाच होत नाही. कंपनीचे नियम वेगळे, देशाचे कायदे वेगळे. म्हणून मी पुढे जे सांगतेय ते एक इंजिन आणि एकटा पायलट असं धरून सांगतेय, कारण तुमचं पहिलं काम बहुधा त्याच प्रकारचं असेल.

आता धारेवरच्या स्किडचा फोटो घेऊ. सगळ्यांना आवडणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा फोटो हाच.

एक तर तो बहुतेक वेळा लांबून, टेलिफोटो लेन्सने काढलेला असतो. लांबची लेन्स मागचा कडा आणि पुढचं मशीन एकमेकांना चिकटवते. फोटोत रोटरचं टोक खडकापासून हातभर वाटतं, प्रत्यक्षात मधे बरंच अंतर असू शकतं. उलट हेल्मेटवरच्या किंवा कॉकपिटमधल्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स फार रुंद असते, ती उतार सपाट करून दाखवते आणि कडा दूर ढकलते. एकाच उतरण्याचे हे दोन फोटो शेजारी ठेवले तर एकात पायलट वेडा वाटेल आणि दुसऱ्यात काम सोपं वाटेल. उताराचा किंवा अंतराचा अंदाज फोटोवरून बांधू नका, एवढंच यातून घ्या.

दुसरं, फोटोत मशीन 'उतरलेलं' दिसतं, पण ते उतरलेलं नसतं. स्किडची फक्त पुढची टोकं खडकाला लावून माणसं उतरवतात तेव्हा मशीनचं जवळजवळ सगळं वजन अजून रोटरवर असतं. कलेक्टिव्ह खाली केलेलं नसतं. म्हणजे तो हॉवरच आहे, फक्त एका जागी खडकाला शिवलेला. एक माणूस बाहेर पडला की 80 किलो एका बाजूने अचानक कमी होतात, मशीन वर उचलायला बघतं आणि दुसऱ्या बाजूला कलतं. म्हणून माणसं एकेक करून, सावकाश, आधी ठरलेल्या क्रमाने उतरतात. कोणी उडी मारत नाही. उतरल्यावर तिथेच, पायलटला दिसेल असं, खाली बसून राहतात. उताराच्या वरच्या बाजूला कोणीही जात नाही, कारण तिकडे फिरणारं पातं आणि जमीन यांच्यातलं अंतर सगळ्यात कमी असतं. आणि स्किड कुठे अडकलेली असताना मशीन तिच्याभोवती कलायला लागलं तर ते ठराविक कोनानंतर सायक्लिकने आवरत नाही. यालाच डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात, तुम्ही पुस्तकात वाचलाच असेल. तिथे उपाय एकच, कलेक्टिव्ह सावकाश खाली. पण खाली जमीनच नसेल तर तोही हातचा गेला. म्हणून टेकवण्याआधी जागा इतकी निरखून बघायची.

त्या वेळी पायलट काय बघत असतो? दृश्य तर नाहीच. पायाजवळच्या काचेतून दिसणारा एक दगड, त्यावरची शेवाळाची एखादी रेघ, आणि त्या रेघेपासून स्किडच्या टोकापर्यंतचं अंतर. नजर तिथे आणि थोडी पुढे, आलटून पालटून. ते अंतर वाढू नये, कमी होऊ नये म्हणून हात इतका बारीक हलत असतो की शेजारी बसलेल्यालाही तो हललेला दिसत नाही. या कामाचा माझ्या माहितीतला सगळ्यात खरा फोटो अगदी कंटाळवाणा आहे: काचेतून दिसणारा करडा दगड, बाकी काही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे फोटोत येत नाही ते त्याच्या आधीचं. मी नवीन जागी कधीही सरळ जाऊन उतरत नाही. आधी वरून एक चक्कर: तारा आहेत का, वारा कुठून येतोय, तो धारेवरून खाली कोसळतोय की वर चढतोय. वाऱ्याचा अंदाज गवतावरून, झाडांच्या पानांवरून, पाण्यावरच्या लाटांवरून, उडणाऱ्या हिमकणांवरून घ्यायचा. मग कमी उंचीवर दुसरी चक्कर, जागेच्या उंचीला पॉवर किती लागतेय आणि हातात किती उरतेय हे बघायला. मग येताना ठरवायचं की बिघडलं तर कुठल्या बाजूला निघून जायचं. धारेवरून वाऱ्याकडच्या बाजूला खाली मोकळी दरी असेल तर नाक खाली करून निघून जाता येतं. मागे कडा, पुढे कडा आणि मधे आपण, अशी जागा असेल तर ती कितीही सुंदर असो, मी तिथे जात नाही. फोटो बघताना तुम्ही हाच सराव करा: वारा शोधा, बाहेर पडायची वाट शोधा. दोन्ही दिसले नाहीत तर फोटोखाली कमेंटमध्ये पायलटला विचारा. चांगला पायलट अशा प्रश्नावर खूष होतो आणि मोठं उत्तर देतो.

उंचीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 14 मे 2005 चं आहे. दिदिये देलसाल या फ्रेंच चाचणी वैमानिकाने एएस350 बी3 हे एका इंजिनाचं मशीन एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं आणि जवळजवळ चार मिनिटं तिथे धरून ठेवलं. बघणाऱ्याला वाटतं की हे मशीन कुठेही उतरू शकतं. पण ते चाचणी वैमानिक होते, मशीनमध्ये एकटे होते, वजन कमी केलेलं होतं आणि हवामानाची वाट बघून दिवस निवडलेला होता. त्याच मशीनमध्ये चार माणसं, त्यांचं सामान आणि परतीचं इंधन भरलं की गरम दुपारी त्याहून कितीतरी खालच्या जागीही 'आज नाही' म्हणायची वेळ येते. उंची आणि तापमान वाढलं की हवा विरळ होते, रोटरची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही कमी होतात. फोटोत हवेची घनता दिसत नाही.

हुकाच्या कामाचा फोटो याच्या उलट आहे. तो बघायला साधा वाटतो: वर मशीन, खाली 100 ते 200 फुटांची लाइन, तिच्या टोकाला लोड. पण तो नीट बघा. पायलट पुढे बघत नसतो. तो दारातून किंवा बाहेर फुगवलेल्या काचेतून जवळजवळ सरळ खाली बघत असतो. क्षितिज नजरेत नसतं. म्हणजे ट्रेनिंगमध्ये हॉवर शिकताना 'लांब बघा, जवळ बघू नका' असं जे तुमच्या डोक्यात भरलं, ते इथे अर्धं विसरून नव्याने शिकावं लागतं. लोड झुलायला लागला तर झुलणाऱ्या लोडच्या वर मशीन नेऊन ठेवायचं, त्याच्या मागे ओढलं जायचं नाही. ऐकायला सोपं आहे. सुरुवातीला प्रत्येकाचा हात उशिरा हलतो आणि झोका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. हे शिकायला नुसती लाइन आणि टोकाला बांधलेलं मातीचं पोतं घेऊन भरपूर उडावं लागतं, आणि त्या सरावाचा फोटो कोणी टाकत नाही.

त्याच फोटोत दुसरी एक गोष्ट लपलेली आहे. जमिनीजवळ, साधारण रोटरच्या व्यासाइतक्या उंचीच्या आत, ग्राउंड इफेक्टमुळे हॉवरला पॉवर कमी लागते. लांब लाइनवर तो फायदा नाही, पूर्ण वजन पूर्ण पॉवरवर उचलावं लागतं. शिवाय 150 फुटांवर, पुढचा वेग शून्य असताना एकुलतं एक इंजिन बंद पडलं, तर ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाशिवाय फिरत्या रोटरवर उतरणं, नीट जमवायला ना उंची पुरेशी असते, ना वेग. मशीनच्या पुस्तकातला, कुठल्या उंचीला कुठला वेग टाळायचा हे दाखवणारा हाइट-व्हेलॉसिटीचा आलेख काढा, पायलट त्याला डेड मॅन्स कर्व्ह म्हणतात. हुकाचं काम करणारा पायलट त्या आलेखातल्या टाळायच्या भागात दिवसभर बसलेला असतो, ते माहीत असून. म्हणूनच लोड सोडायचं बटण सायक्लिकवर, बोटाखाली असतं, ते चाललं नाही तर हाताने किंवा पायाने ओढायचा दुसरा मार्ग असतो, आणि दोन्ही रोज पहिल्या लोडच्या आधी तपासले जातात. आणि म्हणूनच लोडच्या खाली माणूस उभा असलेला फोटो दिसला तर ते कुठल्याही अर्थाने चांगलं काम नाही, मग उजेड कितीही छान पडलेला असो. हूक लावायला माणूस येतो तेवढा वेळ सोडून खाली कोणी नको.

समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचे फोटो मला वाचायला आवडतात, कारण तिथे माहिती डेकवरच रंगवलेली असते. इंग्रजी एच हे अक्षर आणि गोल सगळ्यांना दिसतात. त्याशिवाय एक आकडा मीटरमध्ये असतो, किती लांबीपर्यंतचं हेलिकॉप्टर या डेकवर चालेल ते सांगणारा, आणि एक टनांमध्ये, डेक किती वजन पेलेल ते सांगणारा. मग ठरवा: क्रेन कुठल्या बाजूला आहे, नको असलेला वायू जाळणारी फ्लेअर कुठल्या बाजूला, वारा त्यांच्यावरून डेककडे येतोय का. तसा येत असेल तर शेवटच्या टप्प्यात गरम आणि खळबळणारी हवा मिळणार. मागच्या सीटवरचे प्रवासी जाड सूट घालून बसलेले दिसतात ते थंडीसाठी नाही, पाण्यात उतरावं लागलं तर तग धरता यावा म्हणून. या कामात फोटोजोगं थोडं आणि तीच ती फेरी भरपूर. ज्यांना शिस्तीचा कंटाळा येत नाही त्यांना ते आवडतं.

आणि मग ती कामं, ज्यांचे फोटो जवळजवळ दिसतच नाहीत. चेरीच्या बागांवर पाऊस पडून गेला की फळ तडकू नये म्हणून झाडांच्या शेंड्यांवरून सावकाश हेलिकॉप्टर फिरवतात, रोटरच्या वाऱ्याने पाणी झटकलं जातं. काही द्राक्षबागांवर कडक थंडीच्या शांत रात्री वरचा थोडा उबदार थर खाली ढकलायला उडतात. विजेच्या तारांची तपासणी करताना खांबामागून खांब, हळू, तारांच्या शेजारून जातात. या तिन्ही कामांत उंची कमी, वेग कमी, तारा जवळ आणि बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. पावसाची वाट, थंडीची वाट, इंधनाच्या गाडीची वाट. पहिली नोकरी अशा कामाची निघाली तर 'फोटोतलं काम' मिळालं नाही म्हणून खट्टू होऊ नका. खरा हात तिथेच बसतो.

कॅमेऱ्याकडे वळते. माझा नियम सोपा आहे आणि तो मी वाकवत नाही: उडवणाऱ्याच्या हातात कॅमेरा नाही, त्याच्या मांडीवरही नाही. हातात नसण्याचं कारण वर आलंच. मांडीवर किंवा सीटच्या कडेला नसण्याचं कारण असं की सुटी वस्तू कुठे जाऊन बसेल हे तुम्ही ठरवत नाही. 9 फेब्रुवारी 2014 ला ब्रिटिश हवाई दलाचं व्हॉयेजर हे मोठं प्रवासी जेट सुमारे 190 प्रवासी घेऊन क्रूझमध्ये असताना अचानक नाक खाली करून 4,400 फूट कोसळलं. कॅप्टनचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि साइडस्टिक (विमान उडवायची बाजूची दांडी) यांच्या मधे होता. सीट पुढे सरकवली, कॅमेरा अडकला आणि त्याने स्टिक पुढे दाबून धरली. त्या विमानाखाली भरपूर उंची होती. आपण 500 फुटांवर उडतो, आणि आपल्या पायाशी पेडल असतात, ज्यांच्या मागे मोबाइल अगदी बरोबर जाऊन बसतो.

दार काढून फोटो काढणाऱ्या प्रवाशांना नेणार असाल तर 11 मार्च 2018 ची न्यूयॉर्कची दुर्घटना नीट वाचा. दारं उघडी ठेवून फोटोसाठी नेलेलं एएस350, प्रवाशांना बाहेर पडू नये म्हणून पाठीमागे अडकवलेले पट्टे. त्यातल्या एकाचा पट्टा जमिनीवरच्या इंधन बंद करायच्या लिव्हरमध्ये अडकला आणि इंजिन बंद पडलं. पायलटने मशीन ईस्ट नदीत उतरवलं, पण ते उलटलं. त्यांच्या कमरेला नेहमीचा पट्टा होता, ते बाहेर पडले. पाचही प्रवासी पाठीमागची कडी न सोडवता आल्यामुळे बुडाले. माणूस पडू नये म्हणून केलेली सोयच जिवावर उठली. मी दार काढून कोणाला नेते तेव्हा दोन गोष्टींवर अडून बसते: प्रत्येकाने आपला पट्टा स्वतःच्या हाताने, न बघता, एका झटक्यात सोडून दाखवायचा, आणि सुटं काही न्यायचं नाही. कॅमेऱ्याला दोरी हवी, लेन्सचं झाकण जमिनीवरच राहू द्यायचं, गळ्यात मफलर नाही, टोपी नाही. बाहेर उडालेली वस्तू मागे जाते, आणि मागे शेपटीवरचा छोटा टेल रोटर असतो.

मग व्हिडिओ घ्यायचाच नाही का? घ्या, पण कॅमेरा बसवलेला असू द्या. इंजिन सुरू करायच्या आधी चालू करायचा आणि बंद केल्यावर बंद करायचा, मधे त्याला हात नाही. रेकॉर्ड होतंय का हे बघायलाही नाही. तो कुठे आणि कसा बसवायचा यावर तुमच्या देशातले नियम आणि तुमच्या स्कूलचा इंजिनियर काय म्हणतो ते बघा. मशीनच्या बाहेरच्या बाजूला काहीही लावणं म्हणजे मशीनमध्ये बदल करणं, त्याला लेखी परवानगी लागते. आत लावताना सायक्लिक चारही दिशांना पूर्ण फिरवून बघा, काही अडतं का. आणि एक बारीक गोष्ट, जी फार जण विसरतात: चुंबकाचं माउंट होकायंत्राजवळ नको. माउंट लावण्याआधी आणि लावल्यावर होकायंत्राचा आकडा बघा, फरक पडला तर जागा बदला. हेल्मेटवरचा कॅमेरा मला पसंत नाही. मानेवर वजन येतं, आणि घाईने बाहेर पडताना तो दाराच्या चौकटीत अडकतो.

पण जागा आणि माउंट ही सोपी बाजू झाली. कॅमेरा चालू आहे हे माहीत असलं की माणूस थोडा वेगळा उडतो, याचं काय करायचं? वळण थोडं जास्त तिरकं घेतलं जातं, जागा जरा अवघड निवडली जाते, 'नको, परत जाऊ' म्हणायला अर्धा मिनिट उशीर होतो. अँब्युलन्सच्या हेलिकॉप्टर सेवेत बऱ्याच ठिकाणी एक पद्धत आहे: उड्डाण घ्यायचं की नाही हे ठरेपर्यंत पायलटला रुग्णाबद्दल काही सांगत नाहीत. लहान मूल आहे की म्हातारं माणूस, किती गंभीर, काही नाही. हवामान, जागा, अंतर एवढंच. कारण दया आली की ढगांची उंची जास्त वाटायला लागते. कॅमेऱ्याचं दडपण त्याहून हलकं असतं, पण जात तीच. म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगते की ट्रेनिंगच्या काळात व्हिडिओ घ्यायचा असेल तर इन्स्ट्रक्टरबरोबर बसून चुका बघण्यासाठी घ्या आणि तो कोणालाही दाखवू नका. दाखवायचा नाही हे ठरलेलं असलं की उडणं बदलत नाही.

दाखवण्याबद्दल थोडक्यात. रुग्ण, त्याचे नातेवाईक, अपघाताची जागा यांचे फोटो नाहीत, चेहरा झाकूनही नाहीत. ज्याचं काम करतोय त्याची साइट दिसत असेल तर आधी विचारायचं. काम चालू असताना टाकायचं नाही, घरी आल्यावर टाकायचं. आणि फोटोखाली चार ओळी लिहा: वजन किती होतं, तापमान आणि उंची काय, वारा कुठून, पॉवर किती उरली होती. शिकणाऱ्यांना दृश्यापेक्षा त्या चार ओळींचा उपयोग जास्त होतो. मला स्वतःला परत फिरलेल्या उड्डाणाचे फोटो बघायला आवडतात. समोर राखाडी भिंत, खाली 'इथून वळलो' एवढंच लिहिलेलं. असे फोटो कमी येतात, जास्त यायला हवेत.

काचेआडून काढणार असाल तर दोन किरकोळ सूचना. गडद कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत उमटतो. पोलरायझिंग फिल्टर लावू नका, हेलिकॉप्टरच्या प्लॅस्टिकच्या काचेवर त्याने इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात. पोलराइज्ड गॉगलचंही तेच, शिवाय त्यातून काही डिजिटल डिस्प्ले काळे पडतात, तेव्हा उडवताना तो घालूच नका. आणि कॅमेरा किंवा कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवू नका, सगळी थरथर फोटोत येते.

आता पाती. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने घेतो. छोट्या-मध्यम हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर मिनिटाला साधारण 400 फेरे घेतो. पहिली ओळ घेतली तेव्हा पातं एका जागी होतं, शेवटची घेईपर्यंत ते पुढे गेलेलं असतं, आणि फोटोत या सगळ्या जागा जोडून एक वाकडं पातं तयार होतं. टेल रोटर त्याच्या साधारण सहापट वेगाने फिरतो, म्हणून तो आणखी विचित्र दिसतो. खऱ्या कॅमेऱ्यावर, यांत्रिक शटरने, हे बरंच कमी होतं. शटर मात्र फार वेगवान ठेवू नका. 1/1000 सेकंदात पातं जेमतेम अडीच अंश फिरतं, त्यामुळे ते थिजलेलं दिसतं आणि मशीन आकाशात टांगून ठेवल्यासारखं वाटतं. 1/60 ला ते 40 अंश फिरतं, फिरणं दिसतं, पण हात स्थिर हवा. जमिनीवरून काढताना 1/125 पासून सुरुवात करा आणि जमेल तसं खाली या.

सगळंच वाकणं कॅमेऱ्याचं नसतं, हेही लक्षात ठेवा. रोटर बंद असताना पाती स्वतःच्या वजनाने खरोखर खाली झुकतात. वेग आला की सरळ ताणली जातात. आणि मशीन जड लोड उचलत असेल तर फिरणारी पाती टोकांकडे वर उचलली जातात, रोटरची थाळी उथळ वाटीसारखी दिसते. तुम्ही पाहिलेल्या त्या टॉवरच्या फोटोत ही वाटी शोधा. ती किती खोल आहे यावरून मशीनला लोड किती जड जात होता याचा बराच अंदाज येतो, आणि रिकामं मशीन परत जातानाचा फोटो शेजारी ठेवला तर फरक सरळ डोळ्यांना दिसतो.